अकरा वाजताचा आकडा

सिद्धारामचा फोन रोज सकाळी अकराला यायचा आणि मला रोज तेवढाच राग यायचा. पेपर वाचायला आलेली म्हातारी मंडळी अकराच्या सुमाराला उठतात आणि मला माझा चहा शांतपणे घेता येतो. नेमका पहिला घोट घेतला की फोन.

"गुरुजी, लावा."

रामराम नाही, कसे आहात नाही. मी कप बाजूला ठेवायचा, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, त्यानं कागदावर लिहून दिलेला शब्द टाइप करायचा आणि हात मांडीवर घेऊन बसायचं. तिकडे दोन किलोमीटरवर, शेतात, तो आपल्या लॅपटॉपवर तसलंच काहीतरी टाइप करायचा. दहा सेकंद दोन्हीकडे आकड्यांच्या ओळी पडायच्या. शेवटची ओळ तो वाचायचा, "शहाऐंशी पॉइंट चार." मी माझी वाचायचो, "शहाऐंशी पॉइंट चार." मग तो म्हणायचा, "जुळलं," आणि फोन बंद.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं मी. निवृत्त झाल्यावर घाटनांदूरचं हे वाचनालय गळ्यात पडलं. पगार नाही, मान आहे, असं लोक म्हणतात. मान म्हणजे काय, तर गच्चीवर कुणाला काही बसवायचं असलं की आधी मला विचारतात. सिद्धारामनंही विचारलं होतं. वाचनालयाची इमारत दुमजली, गावात उंच, आणि फायबरची तार आमच्यापर्यंत आलेली. त्यानं आमच्या गच्चीवर दहा फुटी पाइप उभा करून त्यावर एक पांढरी डिश लावली, तिचं तोंड आपल्या शेताकडे केलं आणि तशीच दुसरी घराच्या पत्र्यावर लावली. मधल्या हवेतून नेट घरी गेलं. त्या खोलगटात मोबाईलची रेंज येत नाही. फोन करायचा तर विहिरीजवळच्या बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. घरातलं वाय-फाय तिथवर पोचतं, म्हणून अकराला तो लॅपटॉप घेऊन त्या बांधावरच असायचा.

"नेट आलं ना? मग रोज काय मोजायचं त्यात?" मी एकदा चिडून विचारलं.

"गुरुजी, बोअरला पानी लागलं एवढ्यावर कुनी गप बसतंय का? किती इंच लागलं ते बघतेतच की. मोटर चालू करायची अन धार बघायची. हे तेच हाय. माज्या कॉम्प्युटरातून तुमच्या कॉम्प्युटरात दहा सेकंद धार सोडायची, किती पडलं ते बघायचं. मंग तुमच्याकडून माज्याकडं."

"मोबाईलवर ते गोल घड्याळ येतं की स्पीडचं."

"ते लांब कुटल्यातरी शहरापस्तोर मोजतं. मधी पानी कुटं मुरायलंय ते त्येच्यात कळत न्हाई. आपल्या दोघांतलं आपनच मोजावं."

असा तो माणूस. वडिलांचं किराणा दुकान होतं चौकात. भाऊ वेगळे झाले तेव्हा याच्या वाट्याला दुकानाची एक खोली आली. त्यात त्यानं कॉम्प्युटर मांडले. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पीकविम्याचे फॉर्म, लग्नपत्रिका, वाढदिवसांचे फ्लेक्स. चव्वेचाळीस वय, शिडशिडीत, कपाळाला सकाळी लावलेली विभूती दुपारपर्यंत घामानं पुसलेली. अंदाजपंचे बोलणं त्याला खपत नाही. लातूरची गाडी उशिरा आली म्हटलं तर हा विचारणार, किती मिनिटं? मी त्याला तोंडावर म्हणायचो, तू चुकून किराणावाल्याच्या पोटी आलास, तुला तलाठी व्हायला पाहिजे होतं. तो हसायचा आणि वहीत आकडा लिहायचा. शंभर पानी वही, तारीख, जातानाचा आकडा, येतानाचा आकडा.

त्या वहीमागं त्याची पोरगी होती, हे मला फार उशिरा कळलं.

शिवानी. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. तालुक्याला कर्णबधिरांच्या निवासी शाळेत राहून बारावी झाली आणि घरी आली. शाळेत दीडशे पोरं तिच्या भाषेत बोलणारी, आणि घरी कोण? आई वर्षाराणीला जेव, झोप, ये, जा एवढ्या खुणा येतात. सिद्धारामला त्याहून दहा-वीस जास्त, पण तो हात हलवायला लागला की आडत बाजारात बोली लावणाऱ्यासारखा दिसतो. पोरगी हुशार, तल्लख, आणि दिवसभर घरात कुणाशी पूर्ण वाक्य बोलायची सोय नाही. शाळेतल्या सायली मॅडम, त्यांनाही ऐकू येत नाही, नोकरी बदलून पुण्याला गेल्या होत्या. त्या रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा व्हिडिओवर शिवानीशी बोलायच्या, शिकवायच्या. सबंध दिवसातला तेवढा दीड तास तिच्याशी कुणीतरी तिच्या वेगानं बोलायचं.

गावाच्या हिशोबी नेट एकतर चालू असतं किंवा बंद. गाणं लागलं, मेसेज गेला, म्हणजे चालू. बोलताना आवाज तुटला तर आपण हॅलो हॅलो करतो आणि राहिलेलं अंदाजानं भरून घेतो. हातांचं तसं होत नाही. चित्र अर्धा सेकंद अडकलं की मधला शब्द गेला, आणि गेला हे समोरच्याला कळतही नाही. शिवाय आपल्याला फक्त येणारं नेट लागतं. तिला जाणारंही तेवढंच लागतं, कारण तिचे हात पुण्यापर्यंत पोचले पाहिजेत. म्हणून दोन्ही दिशांचे आकडे, म्हणून दोन टोकांना दोन माणसं. हे समजल्यावर मी चहा साडेदहाला घ्यायला लागलो. राग काही गेला नाही, पण तो आता सवयीचा होता.

मागच्या चैत्रात सायली मॅडमनी एक खबर आणली. परराज्यातल्या एका संस्थेत खुणांची भाषा शिकवणारे शिक्षक तयार करतात. दोन वर्षांचा अभ्यास, राहायची सोय, आणि पुढं शाळांमधून नोकरी नक्की. अट एकच, प्रवेशाच्या वेळी एकवीस पूर्ण नकोत. शिवानीला आषाढात एकवीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही पहिलीही संधी आणि शेवटचीही. तिनं अर्ज केला, निवड यादीत नाव आलं, आणि मुलाखतीची तारीख मिळाली. मुलाखत व्हिडिओवर, वीस मिनिटं, सकाळी अकरा पाच ते अकरा पंचवीस. खोलीत उमेदवाराशिवाय कुणी नको.

सिद्धारामनं मला ते पत्र आणून दाखवलं. लेकीला पाठवायची भीती होती त्याला, आणि ती जाऊ शकेल याचा आनंदही होता. दोन्ही त्यानं बोलून दाखवलं. "गुरुजी, ती गेली तर घर खायला उठंल. पन ती हितं राहिली तर मुकी होईल बघा. आता हाय त्यापरीस मुकी."

मी सुचवलं, अंबाजोगाईला जाऊन एखाद्या चांगल्या ठिकाणी बसवू तिला. त्यानं वही पुढं केली. चाळीस दिवसांचे आकडे. पंच्याऐंशीच्या खाली एकदाही नाही. "तितल्या नेटची कोन हमी देनार? हे मी मोजलंय." मग मी म्हटलं, निदान आमच्या वाचनालयात बसू दे. त्यावर त्यानं नाही म्हणून मान हलवली. आमच्याकडे पोलीस भरतीची पोरं अभ्यासाला बसतात. मागं एकदा त्याच्या घरची लाइट चार दिवस गेली तेव्हा शिवानी इथं येऊन मॅडमशी बोलायची. पोरं पुस्तकं सोडून तिच्या हातांकडे बघत बसायची, आणि एकानं तर तिची नक्कल केली. मी त्याला हाकलला, पण तिनं ते पाहिलं होतं. तेव्हापासून वाचनालयाचं नाव काढलं की ती मान फिरवते.

दुकानात तर दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा. तेव्हा ठरलं, मुलाखत घरूनच. त्यानं घरातली एक भिंत पांढरी रंगवली, हात नीट दिसावेत म्हणून.

आता फ्लेक्सचं सांगतो. मुलाखतीच्या दहा-बारा दिवस आधी बंकट त्याच्या दुकानात आला. बंकट माझा विद्यार्थी, पाचवीत दोनदा बसलेला. आता तो विठ्ठलअण्णांचा उजवा हात आहे. विठ्ठलअण्णा म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांचा वाढदिवस म्हणजे गावाला एक सणच. चौकात फ्लेक्स लागतो, मध्ये अण्णांचा हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली ओळीनं शुभेच्छुकांचे छोटे फोटो. ज्याचा फोटो त्या ओळीत नाही तो विरोधातला, असा साधा हिशोब. त्यामुळे सुतार, न्हावी, मेडिकलवाला, सगळे आपापला पासपोर्ट फोटो आणून देतात. सिद्धारामही दरवर्षी द्यायचा. दुकान चौकात आहे.

आदल्या वर्षी तो फ्लेक्स वाऱ्यानं फाटला होता. वाऱ्यानं की विरोधकांच्या ब्लेडनं, यावरून डोकी फुटायची वेळ आली होती. म्हणून बंकटनं या वर्षी ठरवलं, लोखंडी अँगलचा सांगाडा, त्याला मागून सबंध पत्रा, आणि पत्र्यावर फ्लेक्स. "ह्या टायमाला कुनाच्या बापाच्यानं फाटू नये," असं तो म्हणाला. सिद्धारामनं विचारलं, साइज? बंकट म्हणाला, वीस बाय तीस. सिद्धारामनं दोन दिवस खपून डिझाइन केलं. अण्णांच्या मागं सूर्य काढला, चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे सारख्या मापात कापून बसवले, स्वतःचाही बसवला, डावीकडून तिसरा. फाईल छपाईला पाठवली आणि मला फोन करून कौतुकानं सांगितलं, एवढी जड फाईल चाळीस सेकंदात गेली म्हणून.

चौकात दोन खड्डे खणून खांब रोवलेले त्यानं पाहिले होते. मीही पाहिले. आम्हाला वाटलं, दिव्याचे असतील. सगळं मोजणाऱ्या त्या माणसानं तो तीस फुटांचा पत्रा उभा राहिल्यावर त्याचं वरचं टोक कुठं पोचेल, एवढं एकच मोजलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि मी तर गणिताचा मास्तर.

मुलाखतीच्या दिवशी तो सकाळी साडेनऊलाच वाचनालयात आला. शिवानीनं त्याला दोन्ही हातांनी ढकलून घराबाहेर काढलं होतं. म्हणे तुम्ही दाराशी उभे राहिलात तर माझे हात अडखळतील. दहाला आम्ही शेवटचं मोजलं. तिकडून शिवानीनंच लॅपटॉपवर टाइप केलं आणि आकड्याचा फोटो पाठवला. जाताना शहाऐंशी पॉइंट दोन, येताना शहाऐंशी पॉइंट चार. त्यानं वहीत लिहिलं आणि काळी खिडकी बंद केली.

"आता अकरा पंचवीसपस्तोर हात लावायचा न्हाई," तो मला बजावून म्हणाला, जसा मीच उतावीळ होतो. "आपन मोजायला लागलो की सगळी धार आपल्याच डरममदी पडती. तिला थेंब बी न्हाई उरनार."

मी दाराला आतून कडी घातली, भरतीच्या पोरांना दुपारी या म्हणून सांगितलं. दोघं समोरासमोर बसलो. त्यानं वही मांडीवर घेतली होती आणि ती उघडत, मिटत होता. अकरा पाच झाले. अकरा आठ झाले. बाहेर चौकाच्या बाजूनं हायड्रा क्रेनचं इंजिन घरघरत होतं, पोरांची आरडाओरड चालली होती. आमच्याकडे हायड्रा काही रोज येत नाही, पण त्या वेळी मी त्याचा विचार केला नाही.

अकरा बाराला वर्षाराणीचा फोन आला. बांधावरून बोलत होती, धापा टाकत.

"अहो, दारातून बघितलं मी, पडद्यावरची मानसं दगडावानी बसलीत. पोरगी हात करायलीय, करायलीय, अन ती हालतच न्हाईत."

सिद्धारामचा हात कीबोर्डकडे गेला आणि हवेतच थांबला. एवढी वर्षं काही अडलं की त्यानं एकच गोष्ट केली होती, मोजलं होतं. आता मोजलं तर उरलंसुरलं तेही बंद पडणार. "गुरुजी, काय करू?" त्यानं विचारलं. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, वर जाऊन डिश बघ.

तो दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेला. मी मागून पोचलो तेव्हा तो पाइपाला धरून उभा होता. आमच्या डिशपासून त्याच्या शेतापर्यंत रोज मोकळी दिसणारी हवा होती, तिच्यात चौकातला पत्रा उभा राहिला होता. आम्हाला त्याची पाठ दिसत होती, नवीन, चकचकीत, उन्हात डोळे दिपवणारी. त्याच्यामागं शेत, घर, घरावरची डिश, सगळं झाकलेलं. हायड्राचा दोर अजून वरच्या अँगलला अडकलेला होता.

"दोर हाय अजून," म्हणत तो खाली पळाला.

मी पोचेपर्यंत चार मिनिटं गेली असतील. सहासष्ट वय आहे माझं. तोवर दोर सुटला होता, पोरं खालचे नट आवळत होती, आणि हायड्रावाला नांदूरघाटला दुसऱ्या कामाला जायचं म्हणून गाडी मागं घेत होता. सिद्धाराम बंकटपुढं हात जोडून उभा होता.

"अर्धा तास, बंकट. धा मिन्टं. खाली घ्या, मी सोता परत चढवतो. पोरीचा इंटरव्ह्यू चालूय."

"येडा झाला का बे? तुज्या पोरीच्या इंटरव्ह्यूचा अन ह्येचा काय संबंध?"

सिद्धाराम सांगत होता, डिश, पत्रा, लाइन. बंकटला त्यातलं काही समजलं नाही असं मी म्हणणार नाही. समजलं असावं, कारण त्यानं एकदा वळून आमच्या गच्चीकडे बघितलं आणि मग आवाज खाली आणला. "हे बघ सिद्धाराम. अण्णांचा फोटो एकदा वर चढला की उतरत न्हाई. वाढदिवसाच्या तोंडावर अण्णाला खाली उतरवलं, अन समोरच्या पार्टीनं व्हिडिओ काढला तर मला गाव सोडून जावं लागंल. तू अण्णाला फोन लाव. ते म्हनले तर मी घेतो."

फोन लावला. अण्णा दर्शनाला गेले होते, फोन दुसऱ्यानंच उचलला आणि निरोप देतो म्हणाला. मग मी पुढं झालो. जेवढा राग होता तेवढा सगळा त्या बंकटवर काढला. तुला पाढे शिकवले ते याच्यासाठी का, एका पोरीचं आयुष्य तुझ्या पत्र्यामागं अडलंय, लाज आहे का. चौक गोळा झाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग वाकून माझ्या पाया पडला आणि काही केलं नाही.

"अन गुरुजी," तो उठताना म्हणाला, "फ्लेक्स ह्येनंच बनवलाय. फोटो बी हाय बघा ह्येचा. मला तरी काय ठावं असनार?"

सिद्धारामनं वर बघितलं. सूर्यासमोर हात जोडलेले अण्णा, आणि खालच्या ओळीत, डावीकडून तिसरा, स्वतः तो. विभूती लावलेला, नुकतीच दाढी केलेला, हसरा. तो त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं घड्याळ बघितलं. अकरा सव्वीस झाले होते.

आम्ही वाचनालयात परत आलो. आता मोजायला हरकत नव्हती. त्यानं फोनवरून वर्षाराणीला निरोप दिला, शिवानीनं तिकडून टाइप केलं. तीन पॉइंट एक. माझ्याकडेही तीन पॉइंट एक. त्यानं तो आकडाही लिहिला, तारखेपुढं, नेहमीच्या त्या रेखीव अक्षरात. मला त्या वेळी त्याची वही फाडून टाकावीशी वाटली.

संध्याकाळी तो तिला मोटारसायकलवर चौकात घेऊन आला. मी वाचनालयाच्या पायरीवरून उठून त्यांच्याजवळ गेलो. तिला घरी काय सांगितलं, म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय सांगू? ह्येच्यातल्या एका बी गोष्टीची खूण मला येत न्हाई. ल्ह्यून बी कळायचं न्हाई, म्हनून दाखवायलाच आनलंय." मग त्यानंच मला सांगितलं की तिनं कागदावर लिहिलंय, चूक तिचीच झाली. पडद्यावरची माणसं टक लावून बघत होती, उत्तर देत नव्हती. तिला वाटलं आपल्या खुणा यांना कळत नाहीत. म्हणून तिनं स्वतःचं नाव आणि गाव सावकाश, अजून सावकाश, पुन्हा पुन्हा सांगितलं. वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं ती पोरगी अडकलेल्या चित्राला आपलं नाव सांगत होती.

शिवानीनं पत्रा बघितला. मान वळवून आमच्या गच्चीवरची डिश बघितली, मग शेताची दिशा. हातानं हवेत एक सरळ रेघ ओढली आणि ती अण्णांच्या कपाळाशी थांबवली. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मग तिची नजर खाली आली, त्या ओळीवर, आणि तिला बाप दिसला. तिनं त्या फोटोकडे बोट केलं आणि सिद्धारामकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. चौकात त्या वेळी नेहमीची गर्दी होती, भज्यांचा वास होता, आणि त्या दोघांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

संस्थेला त्यानं पत्र लिहिलं. मराठीत मी मजकूर केला, इंग्रजी सायली मॅडमनी. सोबत वहीच्या पानांचे फोटो जोडले. चाळीस दिवसांचा शहाऐंशी आणि त्या दिवसाचा तीन. "आकडे बघितल्यावर कुनी न्हाई म्हननार न्हाई," असा त्याचा विश्वास. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. उमेदवाराची संवादक्षमता तपासता आली नाही; जोडणीची जबाबदारी उमेदवाराची आहे. पानांबद्दल एक अक्षर नाही. आषाढात शिवानीला एकवीस पूर्ण झाली.

पत्रा चौतीस दिवस उभा होता. तेवढे दिवस संध्याकाळचं मॅडमशी बोलणंही बंद. पाण्याच्या टाकीवर डिश हलवू द्या म्हणून सिद्धारामनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला. टाकी गावात सगळ्यात उंच. तो अर्ज अजून तिथंच आहे. मी दर महिन्याला चौकशीला जातो आणि भांडून परत येतो. पत्रा उतरल्यावर तो बंकटच्या गोठ्यावर गेला. त्याखाली आता दोन म्हशी सुखात आहेत. पत्रा उतरला त्या दिवशी अकराला फोन आला, शहाऐंशी पॉइंट चार निघाले, आणि सिद्धाराम "जुळलं" म्हणाला नाही.

शिवानी पुढं दुकानात बसायला लागली. बापापेक्षा तिचा हात जलद आहे. पत्रिका, बॅनर, सगळं तीच करते. गिऱ्हाईक कागदावर लिहून देतं. पाच वाजता घरी जाते, मॅडमसमोर बसते.

या वर्षी वैशाखात बंकट पुन्हा आला. मी त्या वेळी झेरॉक्स काढायला दुकानात होतो. फोटो, नावं, मजकूर त्यानं देऊन टाकला. नवीन सांगाडा वेल्डरकडे टाकायचा होता, माप फाईलवरून घेणार होता. शिवानीनं दोन तासांत डिझाइन उभं केलं. देखणं झालं होतं. अण्णा, मागं हिरवं शेत, खाली शुभेच्छुक. बंकट खूश झाला. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं.

"वीस बाय वीस? धा फूट कुटं गेलं? मागच्या टायमापरीस अण्णा लहान दिसू लागले तर लोक काय म्हनतील?"

शिवानीनं ओठांवरून ओळखलं असावं. ती पडद्याकडे बघत बसून राहिली. मी मनात हिशोब केला, तिनं आधीच केलेला. वीस फुटांचा पत्रा असता तर आमच्या डिशची लाइन त्याच्या वरून सात फुटांनी गेली असती.

सिद्धारामनंही केला असणार. तो उठला, तिच्या मागं जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलेल. मी त्याच्याकडे बघत होतो, डोळ्यांनी सांगत होतो, बोल, एकदा तरी बोल. त्यानं बंकटकडे बघितलं, उघड्या दारातून चौकाकडे बघितलं. मग लेकीच्या खांद्यावरून हात पुढं घेतला, वीस खोडलं आणि तीस टाइप केलं. चित्र लांबलं. अण्णा वर सरकले. खालच्या ओळीत डावीकडून तिसरी जागा शिवानीनं मोकळी ठेवली होती. तिथं त्यानं आपला फोटो आणून बसवला.

"का केलंस असं?" बंकट गेल्यावर मी ओरडलो.

"दुकान चौकात हाय, गुरुजी," तो म्हणाला. "पोरीला आता हितंच बसायचं हाय."

शिवानीनं फाईल पाठवली. चाळीस सेकंद लागले. तिनं ते चाळीस सेकंद पडद्यावरची पट्टी भरताना बघितली, बापाकडे बघितलं नाही.

पत्रा गुरुवारी चढला. शुक्रवारी अकराला मी काळी खिडकी आधीच उघडून बसलो होतो.

"गुरुजी, लावा."

दहा सेकंद ओळी पडल्या.

"तीन पॉइंट शून्य," तो म्हणाला.

"तीन पॉइंट शून्य," मी म्हणालो.

तिकडे वहीत पेन चालल्याचा आवाज आला. "जुळलं," सिद्धाराम म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.